बोलीतल्या फ्रेंच कवितांची सचित्र, मर्यादित प्रतींची पुस्तकं: काय घ्यावं, कसं तपासावं, कसं जपावं

आतल्या पानावर शाईने लिहिलेला ‘४७’ हा आकडा दिसला की दुर्मीळ वस्तू हाती लागली असं वाटून घाई करणारे बरेच असतात. फ्रेंच सचित्र पुस्तकांत नुसत्या क्रमांकाला फारशी किंमत नसते. एकूण प्रती किती छापल्या, त्यातली ही प्रत कुठल्या कागदावरची, तिच्यासोबत मुळात काय काय दिलं होतं आणि त्यातलं आज काय शिल्लक आहे, हे विचारायचं असतं. बोलीतल्या कवितांच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट बघावी लागते. कवीची मूळ भाषा पुस्तकात छापली आहे, की सुंदर चित्रांसोबत फक्त प्रमाण फ्रेंच भाषांतर दिलंय?

आधी क्षेत्र निवडा

‘फ्रेंच बोलीतली कविता’ या नावाखाली निदान तीन वेगळी क्षेत्रं येतात. तिन्ही एकदम गोळा करायला गेलं तर पैसा आणि कपाट दोन्ही लवकर संपतं.

पहिलं दक्षिणेचं, प्रोव्हांसाल कवितेचं. ही खरं तर फ्रेंचची बोली नव्हे, दक्षिण फ्रान्समधल्या ओक्सितां या स्वतंत्र भाषेचं एक रूप, पण विक्रेत्यांच्या याद्यांत ती ‘रेजियोनालिस्म’ (प्रादेशिक साहित्य), ‘प्रोव्हांस’, ‘फेलिब्रीज’, कधी सरळ ‘पातवा’ (गावठी बोली) अशा खणांत सापडते. फेलिब्रीज ही कवींची चळवळ २१ मे १८५४ रोजी फों-सेग्युन्य इथे सुरू झाली. तिचा सर्वांत मोठा कवी फ्रेदेरिक मिस्त्राल. त्याला १९०४ चं नोबेल पारितोषिक होसे एचेगाराय यांच्यासोबत विभागून मिळालं. त्याचं ‘मिरेयो’ हे दीर्घकाव्य १८५९ मध्ये आव्हिन्योंच्या रुमानिय या प्रकाशकाने काढलं. सचित्र पुस्तकांच्या दृष्टीने सर्वांत ठळक आवृत्ती मात्र हाशेत या प्रकाशनसंस्थेची, १८८४ ची. तिच्यात स्विस चित्रकार अजेन ब्युर्नां याची २५ अम्ललेखनं (एचिंग) आणि ५३ रेखाचित्रं आहेत, आणि फ्रेंच भाषांतरासोबत प्रोव्हांसाल मूळही आहे.

दुसरं पॅरिसच्या रस्त्यावरच्या बोलीचं, म्हणजे आर्गोचं. आरिस्तिद ब्रुआं याच्या ‘दां ला र्‍यू’ (१८८९) साठी आणि झेआं रिक्त्यूसच्या ‘ले सोलिलोक द्यु पोव्हर’च्या १९०३ च्या सेव्हँ-रे आवृत्तीसाठी चित्रकार स्तेन्लेनने चित्रं काढली. नव्या संग्राहकाने इथून सुरुवात केलेली बरी. पुस्तकं बाजारात वारंवार येतात, साध्या प्रती फार महाग नसतात आणि चांगल्या-वाईट प्रतींतला फरक डोळ्यांना पटकन कळू लागतो.

तिसरं उत्तरेकडच्या आणि मध्य फ्रान्समधल्या ग्रामीण बोलींचं. बोस प्रांताच्या बोलीत लिहिणारा गास्तों कूते (१८८०–१९११) हा यातला सर्वांत वाचला जाणारा कवी. त्याच्या कविता पुस्तकरूपाने एकत्र आल्या त्या मृत्यूनंतर, १९२८ मध्ये. त्यामुळे ‘कवीच्या हयातीतलं पुस्तक’ म्हणून कूतेचं काही दाखवलं गेलं, तर ते सुटं गीतपत्रक आहे की आणखी काही, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इंग्रजी याद्यांत शोधताना एक गफलत हमखास होते. तिथे ‘फ्रेंच बोली’ म्हटलं की बऱ्याचदा कॅनडातल्या विल्यम हेन्री ड्रमंडची पुस्तकं समोर येतात. त्याचं ‘द हॅबिटंट’ १८९७ मध्ये पटनम या प्रकाशकाने काढलं. चित्रं फ्रेडरिक सिम्पसन कोबर्नची, प्रस्तावना लुई फ्रेशेतची. पुस्तक देखणं आहे, पण त्यातली भाषा क्वेबेकच्या शेतकऱ्याच्या तोंडची मोडकी इंग्रजी आहे, फ्रेंच नव्हे. आवडलं तर जरूर घ्या. फक्त ते वेगळ्या फळीवर ठेवा.

प्रतसंख्येचं पान वाचायला शिका

फ्रेंच पुस्तकात सुरुवातीला, शीर्षकपानाच्या मागे किंवा अगदी शेवटी एक छोटा मजकूर असतो. त्याला ‘ज्युस्तिफिकास्यों द्यु तिराज’ म्हणतात. किती प्रती, कुठल्या कागदावर, कुठपासून कुठपर्यंत क्रमांक, हे सगळं तिथे दिलेलं असतं. पुस्तक विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून या पानाचा स्पष्ट फोटो मागवा. तो मिळत नसेल तर व्यवहार पुढे ढकला.

समजा तिथे असं लिहिलंय: १ ते २० जपानी कागदावर, चित्रांच्या दोन जादा संचांसह, २१ ते ६० हॉलंड कागदावर, एका जादा संचासह, ६१ ते ५६० आर्श व्हेलँवर, शिवाय रोमन अंकांच्या २० प्रती विक्रीबाह्य. एकूण प्रती ५८०. तुमची प्रत ४७ क्रमांकाची असेल तर ती हॉलंड कागदाची हवी आणि तिच्यासोबत चित्रांचा एक वेगळा संच हवाच. संच नसेल तर पुस्तक अपुरं आहे. संच हरवलेली ४७ क्रमांकाची प्रत आणि संचासकट पूर्ण असलेली तीच प्रत यांच्या किमतीत मोठी दरी असते. ३१२ क्रमांकाच्या प्रतीत मुळातच संच नाही, म्हणून ती स्वच्छ असेल तर ‘पूर्ण’ म्हणायला काहीच हरकत नाही. मोडक्या ४७ पेक्षा धडधाकट ३१२ केव्हाही बरी.

काही शब्द पाठच करा. ‘तिराज द तेत’ म्हणजे चांगल्या कागदावरच्या सुरुवातीच्या मोजक्या प्रती. ‘स्युइत’ म्हणजे चित्रांचा जादा, सुटा संच, बऱ्याचदा काळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या शाईत. ‘ऑर कोमेर्स’, म्हणजे ‘एच. सी.’, या विक्रीबाह्य प्रती चित्रकार, मुद्रक आणि सहकाऱ्यांसाठी असतात. त्या वाईट नसतात, पण त्यांची संख्या नेहमी छापलेली नसल्याने ‘अतिदुर्मीळ’ हे विशेषण त्यांना सहज चिकटवलं जातं. ‘नोमिनातिफ’ प्रतीवर मूळ सभासदाचं नाव छापलेलं असतं. ग्रंथप्रेमी मंडळं सभासदांपुरतीच पुस्तकं काढत, तिथे ही पद्धत दिसते. ‘आशव्हे दँप्रिमे’ म्हणजे शेवटच्या पानावरची छपाई संपल्याची तारीख आणि मुद्रकाचं नाव. ती शीर्षकपानावरच्या वर्षाशी ताडून बघा. एखाद्या वर्षाचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर कारण विचारा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच प्रकाशक मुखपृष्ठावर ‘पाचवी आवृत्ती’, ‘दहावा हजार’ असे आकडे सर्रास छापत. त्यातले बरेच जाहिरातीपुरते असत. उलट बाजूने, खरी पहिली आवृत्ती म्हणून नंतरची प्रत गळ्यात मारली जाण्याचा धोकाही असतो. ‘मिरेयो’ची एक खूण उपयोगी पडते. कवी लामार्तिनला उद्देशून लिहिलेल्या अर्पणाखाली ८ सप्टेंबर १८५९ ही तारीख आहे, आणि रुमानियची पहिली आवृत्ती त्याच वर्षीच्या सुरुवातीची. त्यामुळे ज्या प्रतीत ते अर्पणपान मूळ बांधणीतलंच आहे, ती पहिली आवृत्ती म्हणून खपवली जात असेल तर सावध व्हा.

कागद हातात घेऊन ओळखा

जपानी कागद गुळगुळीत, सायीच्या रंगाचा, रेशमासारखी किंचित चमक असलेला आणि बोटांत भरीव लागणारा. त्याची नक्कल म्हणजे ‘सिमिली-जापों’. तीही चमकते, पण तिच्यात लांब तंतू दिसत नाहीत आणि घडीवर ती लवकर मोडते. याद्यांत ‘सिमिली’ हा शब्द सोयीस्करपणे गळतो. ‘शीन’ हा पातळ, मऊ, करडट झाक असलेला कागद. अम्ललेखनाची बारीक रेघ त्यावर फार सुरेख उमटते, पण तो लगेच चुरगळतो. हॉलंड कागद बहुधा ‘व्हर्जे’ असतो. उजेडासमोर धरला की दूर दूर अंतरावरच्या समांतर रेषा आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या दाट बारीक रेषा दिसतात. व्हेलँ कागदात अशा रेषा नसतात. आर्श आणि रीव्ह या गिरण्यांचं नाव जलचिन्हात असतं. प्रत्येक पानावर ते शोधू नका, मोठ्या तावाच्या एखाद्याच घडीत ते येतं. चार-सहा पानं उजेडासमोर धरली तर सापडतं.

प्रतसंख्येच्या पानावर लिहिलेला कागद आणि हातातला कागद जुळला नाही तर दोन शक्यता उरतात. एकतर क्रमांक नंतर खोडून बदललाय, नाहीतर दुसऱ्या प्रतीतलं पान आणून बसवलंय. तिरप्या उजेडात टॉर्च धरून क्रमांकाच्या जागी कागद खरवडल्याची जागा बघा. तिथले तंतू उठलेले असतात आणि शाई किंचित पसरलेली दिसते.

चित्र कशाने छापलंय

इथे घाई केली तर पैसे सर्वांत जास्त वाया जातात. दहापट भिंग घ्या, स्वस्तातलंही चालेल.

अम्ललेखन तांब्याच्या पत्र्यावरून ओल्या कागदावर दाबून छापतात. त्यामुळे चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा आयताकृती खड्डा, ‘क्युव्हेत’, उमटतो. शाईची रेघ किंचित उंचावलेली लागते. हाशेतच्या १८८४ च्या पुस्तकाच्या शीर्षकपानावरच स्पष्ट लिहिलंय की २५ अम्ललेखनं ब्युर्नांने स्वतः काढून कोरली आहेत आणि ५३ चित्रं जिलो पद्धतीने छापली आहेत. पहिल्या प्रकारात खड्डा शोधायचा. दुसऱ्या प्रकारात तो नसतो, कारण जिलो पद्धतीत रेखाचित्राचा फोटो घेऊन जस्ताचा उठावाचा ठसा करतात आणि तो अक्षरांबरोबरच छापला जातो. पानाच्या मागच्या बाजूला अक्षरांइतकाच हलका दाब जाणवतो. ही ५३ चित्रं ‘मूळ कोरीव चित्रं’ म्हणून सुटी विकायला कोणी काढली, तर ती तशी नाहीत हे ठाऊक असू द्या.

स्तेन्लेनच्या बाबतीत तर हे फार होतं. त्याच्या मूळ शिळाछापांना (लिथोग्राफना) चांगला भाव येतो. म्हणून रिक्त्यूस किंवा ब्रुआंच्या पुस्तकातून फाडलेली पानं चौकटीत बसवून ‘स्तेन्लेनची शिळाछाप’ या नावाने फिरतात. या पुस्तकांतली चित्रं ठशांवरून केलेली प्रतिरूपं आहेत. आता फाडलेली पानं कुणाच्या तरी भिंतीवर गेली म्हणजे कुठल्यातरी प्रतीत ती कमी आहेत. म्हणूनच मोजणी अनिवार्य.

लाकूडकोरीत काळा भाग सपाट, गच्च आणि पान मागून किंचित फुगलेलं. शिळाछाप सपाट असते, खडूचा दाणा भिंगात दिसतो. ‘पोशुआर’ म्हणजे हाताने स्टेन्सिलमधून भरलेला रंग. त्याच्या कडा किंचित जाड असतात, कधी रंग रेषेबाहेर केसाइतका सरकलेला असतो, आणि दोन प्रतींत तो कधीच तंतोतंत सारखा नसतो. फोटोग्रॅव्ह्युअरमध्येही खड्डा असू शकतो, पण भिंगाखाली रेघेऐवजी मऊ दाणेदार छटा दिसते. आणि ठरावीक अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते फोटोवरून केलेलं प्रतिरूप: बऱ्याचदा आधुनिक ऑफसेट, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा हाफटोन ठसाही असू शकतो. पुनर्मुद्रणाचा संशय घ्यायला ही सोपी खूण आहे.

मोजणी आणि तब्येत

एका बसणीत, स्वच्छ कोरड्या हातांनी करायचं काम. हातमोजे नकोत, पातळ कागद त्यांत अडकून फाटतो. आधी पानांचे क्रमांक सलग आहेत ना ते बघा. मग चित्रसूची काढा आणि प्रत्येक चित्रासमोर पेन्सिलीने, वेगळ्या कागदावर, खूण करा. सूची नसेल तर शीर्षकपानावरचा आकडा धरा. अम्ललेखनांसमोर पातळ झिरझिरीत कागद असतो, ‘सेर्पांत’. तो काढून टाकला असेल तर शाईची सावली समोरच्या पानावर उतरलेली दिसते. सेर्पांत स्वतः पिवळा पडून चित्रावर डाग पाडत असेल तर तो आम्लरहित टिश्यूने बदलावा, पण जुना फेकू नये. पाकिटात घालून पुस्तकासोबत ठेवावा.

तांबूस ठिपके, ‘रुसर’, एकोणिसाव्या शतकातल्या कागदावर असणारच. समासातले चालवून घ्यावेत, चित्रावरचे नाही. पाण्याच्या डागाची तपकिरी रेघ, ‘मुयुर’, अधिक गंभीर. कागद तिथे कमकुवत होतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी आधी तिथेच धरते. रासायनिक धुलाई करून ठिपके घालवलेली प्रत झळझळीत पांढरी आणि मेलेल्यासारखी दिसते. अशा प्रतीला भाव कमी द्यावा.

‘ब्रोशे’ म्हणजे प्रकाशकाच्या कागदी मुखपृष्ठातली शिवलेली प्रत. ती तशीच ठेवा. तिचा कणा तडकलेला असला तरी नव्या कातडी बांधणीत घालण्याचा मोह टाळा. आधीच बांधलेली असेल तर ‘कुव्हेर्त्यूर ए दो कोंसेर्व्हे’ आहे का बघा, म्हणजे मूळ मुखपृष्ठ आणि कणा आत शिवून जपले आहेत का. ‘नों रोन्ये’ म्हणजे कडा न छाटलेल्या. बांधणाऱ्याने समास छाटला की कधी अम्ललेखनाचा खड्डाही निम्मा कापला जातो. ‘नों कूपे’ म्हणजे पानांच्या घड्याच कापलेल्या नाहीत, पुस्तक कुणी वाचलंच नाही. संग्राहकांना याचं फार अप्रूप असतं. आमच्या मते, कवितेची न उघडलेली प्रत ही थोडी केविलवाणी गोष्ट आहे, पण विकताना ती जास्त भाव आणते हे खरं.

विसाव्या शतकातल्या अनेक सचित्र आवृत्त्या सुट्या घड्यांत, ‘आं फय्य’, येतात. त्या पुठ्ठ्याच्या घडीच्या आवरणात, ‘शमीझ’मध्ये, आणि त्यावर एका बाजूने उघड्या पेटीत, ‘एत्युई’त असतात. एत्युई घट्ट बसत असेल तर शमीझच्या कडा घासून फाटतात. बाहेर काढताना ओढू नका. एत्युई तोंडाकडून थोडी खाली झुकवा आणि पुस्तक आपल्या वजनाने तळहातावर येऊ द्या.

शोध कुठे, कसा

शोधताना नावांची सगळी वळणं वापरा. मिस्त्रालचं काव्य ‘मिरेयो’ आणि फ्रेंच ‘मिरेय’ अशा दोन्ही नावांनी नोंदलेलं असतं. १९३५ नंतरच्या अभिजात ओक्सितां लेखनपद्धतीत ते ‘मिरेल्हा’ होतं. रिक्त्यूसच्या नावात कधी जोडरेघ असते, कधी नसते. बऱ्याच चांगल्या नोंदी दुसऱ्या वळणाखाली दडलेल्या असतात.

पॅरिसला जाणं झालं तर पंधराव्या विभागात जॉर्ज ब्रासांस उद्यानाच्या कडेला शनिवार-रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथे हात लावून कागद ओळखण्याचा सराव फुकट होतो. आर्लचं म्युझेऑन आर्लातेन हे मिस्त्रालने स्वतः उभारलेलं संग्रहालय, आणि मायानमधलं त्याचं घरही आता संग्रहालय आहे. बेझिएच्या सिरदोक या ओक्सितां संस्कृतीच्या केंद्रात ओक्सितां पुस्तकांचा मोठा साठा आहे. घरबसल्या काम भागवायचं असेल तर फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या डिजिटल संग्रहावर जुन्या आवृत्त्यांची पानं बघता येतात. आपल्याला मिळत असलेल्या प्रतीत काय असायला हवं याची यादी त्यावरून करा. मिस्त्रालसाठी एदमों लेफेव्हरची १९०३ ची ग्रंथसूची, विसाव्या शतकातल्या सचित्र पुस्तकांसाठी कार्तेरे आणि ल्युक मोनो यांचे संदर्भग्रंथ विक्रेते नेहमी उद्धृत करतात. यादीत ‘मोनोमध्ये नाही’ असं लिहिलेलं म्हणजे दुर्मीळच, असं मात्र नाही. कधी ते पुस्तक नोंद घेण्याइतकं महत्त्वाचं वाटलेलं नसतं.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न थोडे आणि नेमके ठेवा: उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये, कागद, क्रमांक, चित्रांची मोजलेली संख्या, संच आहे की नाही, मूळ मजकूर कुठल्या भाषेत, शमीझ-एत्युईची स्थिती. हस्ताक्षरातलं अर्पण, ‘आंव्होआ’, असेल तर भिंगाखालचा फोटो मागा. छापील प्रतिकृतीत रेघेची जाडी आणि काळेपणा सगळीकडे सारखा दिसतो. लेखणीची शाई वळणावर गडद होते आणि कागदात मुरते.

द्रुओ या पॅरिसच्या लिलावकेंद्रातल्या लिलावांत ऑनलाइन बोली लावता येते. पण हातोडी पडलेल्या किमतीवर खरेदीदाराचं शुल्क लागतं, शिवाय ऑनलाइन व्यासपीठाचं वेगळं असू शकतं. पाठवण्याची व्यवस्था बहुधा लिलावघर करत नाही. बोलीची मर्यादा ठरवताना हे सगळं आधी वजा करा.

भारतात मागवताना

मोठ्या आकाराचं अम्ललेखनांचं पुस्तक पॅकिंगसकट सहज तीन-चार किलोवर जातं. एत्युईचे कोपरे आधी दबतात, म्हणून चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे टोपण, त्यावर पॉलिथिनचं आवरण, मग फोमचा थर आणि दुहेरी खोकं असं लेखी सांगा. पुस्तकाला थेट बुडबुड्यांचं प्लास्टिक लावू नये. महिनाभर प्रवास झाला तर त्याच्या गोल खुणा चमकदार कागदावर उमटतात. घोषणापत्रावर ‘छापील पुस्तक’, प्रकाशनवर्ष आणि खरी किंमत लिहायला लावा. सीमाशुल्क वाचवायला किंमत कमी लिहून घेतली की नुकसान झाल्यास विमाही तेवढाच मिळतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचं सीमाशुल्क वर्गीकरण वेगळं असतं. पार्सल येण्याआधी कुरिअर कंपनीकडून ताजा दर विचारून घ्या आणि केवायसी तयार ठेवा, नाहीतर खोकं गोदामात पडून राहतं.

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई, कोकण किंवा गोव्याला पार्सल येऊ नये अशा बेताने मागवा. आलंच तर खोकं लगेच उघडू नका. बारा-चोवीस तास खोलीतल्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड कागदावर बाष्प धरतं.

आपल्या हवेत जपताना

कागदाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात किनारपट्टीवर ती ८० च्या वर असते, तेव्हा उपाय लागतातच. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून नको, चार बोटं अंतर ठेवा. आत एक छोटं आर्द्रतामापक ठेवा, त्याशिवाय अंदाज चुकतो. रंग बदलणारं सिलिका जेल पुड्यांत घालून फळीवर ठेवा आणि रंग बदलला की कढईत कोरडं तापवून पुन्हा वापरा. स्वयंपाकाची कढई नव्हे, त्यासाठी वेगळी ठेवा. प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत पुस्तक कोंडणं सर्वांत घातक, कारण आत अडकलेली ओल कुठेच जात नाही. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ नकोत. कडुनिंबाचा पाला घालणाऱ्यांनी तो किमान सुकलेला आहे याची खात्री करावी.

कसर लागल्याचा संशय आला तर पुस्तक दोन जाड झिपच्या पिशव्यांत हवा काढून बंद करा. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी न उघडता राहू द्या. हे कागदी मुखपृष्ठाच्या पुस्तकांसाठी. चर्मपत्राची किंवा जुनी कातडी बांधणी असेल तर फ्रीझर नको, संवर्धकाला दाखवा. बुरशी दिसली तर कोरड्या मऊ ब्रशने, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून झाडा. ओलं फडकं लावलं की डाग कायमचा मुरतो.

सुट्या घड्यांची पुस्तकं आडवी ठेवा, एकावर एक तीनपेक्षा जास्त नाहीत. मोठ्या आकाराची अम्ललेखनांची पुस्तकंही आडवीच. कपाटात उभी ठेवली की पानांच्या वजनाने ती कण्यातून खाली लोंबकळू लागतात. पिवळा पडलेला ग्लासिन कागदाचा वेष्टनतुकडा फेकू नका. बाहेरून पॉलिएस्टरचं पारदर्शक वेष्टन घाला आणि चिकटपट्टी फक्त पॉलिएस्टरवरच लावा.

प्रत्येक प्रतीसाठी आम्लरहित कागदाची एक चिठ्ठी करा. तिच्यावर क्रमांक, कागद, मोजलेली चित्रं, संच, आकार, खरेदीचं वर्ष आणि दोष पेन्सिलीने लिहा. प्रतसंख्येचं पान, शीर्षकपान, शेवटचं पान आणि प्रत्येक डाग यांचे फोटो काढून ते पुस्तकाच्या खोलीबाहेर, वेगळ्या ठिकाणी ठेवा. विमा कंपनी आणि भविष्यातला खरेदीदार दोघंही आधी तेच मागतात.